न विझणारी चिलीम

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणांत गेल्या दिवाळीपासून एक घडी घातलेला कागद पडून आहे. त्यावर रेघा मारून तीन रकाने पाडले आहेत : कामगिरी, बॅटरी आणि खर्च. अक्षर माझ्या भाच्याचें. त्याच्या शाळकरी वह्यांवर या अक्षरासाठीं मींच पुष्कळदां ‘उत्तम’ असा शेरा मारला होता. त्याच अक्षरांत मला उद्देशून असला मजकूर एक दिवस लिहिला जाईल, असें तेव्हां स्वप्नांतहि आलें नव्हतें. कागदाच्या माथ्यावर लिहिलें आहे : ‘मामांसाठीं. कोणता व्हेप घ्यावा?’

वाचक दचकले असतील, तर थोडी हकीगत सांगणें भाग आहे. मी गणिताचा पेन्शनर मास्तर. गेलीं चाळीस वर्षें सिगारेट ओढतों. गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं फुप्फुसांची ताकद मोजण्याच्या नळींत मला फुंकायला लावलें आणि आंकडा पाहून ते कांहींच बोलले नाहींत. डॉक्टर बोलतात तेव्हां फारशी भीति नसते. ते गप्प बसतात तेव्हां मात्र घरच्या मंडळींची झोंप उडते. बातमी फोनवरून लेस्टरला माझ्या बहिणीकडे पोंचली. तिचा मुलगा तिथें दहा वर्षें नोकरीला आहे. तोहि सिगारेट ओढीत असे, आणि विजेच्या या चिलमीच्या साह्यानें त्यानें ती सोडली, या दोन्ही गोष्टी मला एकदमच कळल्या. येत्या उन्हाळ्यांत मी तीन महिने त्यांच्याकडे राहायला जाणार आहें. तिथें गेल्यावर मीं असें एखादें यंत्र घ्यावें आणि सिगारेटला रामराम ठोकावा, हा त्याचा बेत.

तिथें गेल्यावर, असें म्हणण्याचें कारण उघड आहे. आपल्या देशांत सप्टेंबर २०१९ मध्यें वटहुकूम निघाला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कायदा झाला. त्यानें ई-सिगारेटचें उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात हीं सारीं बंद केलीं. अशी बंदी या मुलखाला अगदींच नवी नव्हे. अकबराच्या अखेरच्या दिवसांत असदबेग नांवाच्या त्याच्या वकिलानें विजापुराहून तंबाखू नेऊन बादशहापुढें ठेवली, आणि १६१७ सालीं जहांगीरानें ती ओढण्यास मनाई केली. फर्मान विझलें, चिलीम पेटती राहिली. तें कसेंहि असो, माझा भाचा कायदा मानणारा आहे. स्वतःचें यंत्र लेस्टरला ठेवून तो आमच्या औरंगाबादेस—२०२३ पासून छत्रपति संभाजीनगर म्हणावयाच्या आमच्या गांवीं—रिकाम्या खिशानें आला. येतांना ज्ञान तेवढें बरोबर आणलें. ज्ञानावर अजून आयात-बंदी नाहीं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं झोंपाळ्यावर बसून त्यानें मला हा विषय अगदीं बाळबोध रीतीनें समजावून दिला. एक बॅटरी, तिनें तापणारें तारेचें वेटोळें, त्याला लागून कापूस आणि कापसांत मुरलेला रस. हा रस म्हणजे ग्लिसरिन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुवास आणि निकोटिन. तार तापली कीं रसाची वाफ होते. धूर नाहीं, राख नाहीं, डांबर नाहीं. मात्र याचा अर्थ अपाय नाहीं असा नव्हे, हेंहि त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. तिकडचे डॉक्टर सिगारेट ओढणाराला ती सोडण्यासाठीं हें साधन सुचवितात. न ओढणाराला याच्या वाटेस जाऊं नको म्हणून बजावतात.

खरी करामत पुढेंच आहे. साध्या यंत्रांत बॅटरी सरळ तारेला जोडलेली असे. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते आणि वापरतां वापरतां ३.२ पर्यंत उतरते. उष्णता व्होल्टांच्या वर्गाच्या प्रमाणांत निघते; म्हणजे शेवटचा झुरका पहिल्याच्या ५८ टक्के जोराचा! नियंत्रित यंत्रांत मध्यें एक चिमुकली रचना असते. बॅटरी कितीहि उतरली, तरी ती तारेला ठरलेलेच वॉट पुरवीत राहते.

“म्हणजे आपल्या पाणचक्कीसारखं?” मीं विचारलें. “दूरच्या झऱ्याचं पाणी नळांतून आणायचं, उंच चढवायचं आणि मग धार जात्याला लावायची?”

“साधारण तसंच, मामा,” तो म्हणाला. “फरक इतकाच, कीं इथं झरा आटत आला तरी जात्याला कळत नाहीं.”

त्यानंतर रकान्यांची पाळी आली. पहिलें यंत्र बोटाएवढें : १००० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी, १५ वॉटचा जोर. दुसऱ्यांत १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब अशी ३०००ची एक बॅटरी, जोर ४० वॉट. तिसऱ्यांत तसल्याच दोन, आणि जोर ८० वॉट. त्यानें टिपलेल्या किंमती अनुक्रमें सुमारें १५, ४० आणि ६० पौंड. सहापट बॅटरीचें तिसरें यंत्र सर्वांत अधिक टिकणार, असें कोणालाहि वाटेल, मलाहि वाटलें. परंतु मास्तराचा हात पेन्सिलीकडे गेल्यावांचून राहीना. सरासरी ३.७ व्होल्ट धरले, तर पहिल्या यंत्रांत ३.७ वॉट-तास शक्ति आहे. १५ वॉटनें ती पावणेपंधरा मिनिटें पुरेल. एक झुरका तीन सेकंदांचा, म्हणजे झुरके सुमारें तीनशें. दुसऱ्यांत ११.१ वॉट-तास, पण ४० वॉटनें जळतां जळतां झुरके ३३३. तिसऱ्यांत बॅटरी दुप्पट, खर्चहि दुप्पट, पुन्हां ३३३! पगार वाढला तसें बिऱ्हाड मोठें केलें आणि महिनाअखेर पूर्वीइतकीच ओढाताण राहिली, असा हा मध्यमवर्गीय प्रकार आहे. शिवाय मोठें यंत्र रसहि जास्त पितें. उलट पहिल्या यंत्राची किंमत तिकडच्या वीस सिगारेटींच्या एका पाकिटाएवढी. तिथल्या कायद्यानें रसांत दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटिन चालत नाहीं, आणि लहान यंत्राला तेवढें पुरतें. उत्तर निघालें. पहिल्या यंत्रापुढें मीं बरोबरची खूण केली, आणि आम्ही दोघेहि समाधानानें फराळाला उठलों.

चौथ्या रात्रीं मला झोंप येईना. टेबलावर सिगारेटचें पाकीट दिसेना. गच्चीवर गेलों तों कठड्यापाशीं एक लाल ठिणगी दिसली. माझी चाहूल लागतांच ती खालीं गेली आणि चपलेखालीं विझली. आमच्या घरांत भाचा मामादेखत सिगारेट ओढीत नाहीं. मीहि वडिलांच्या हयातींत कधीं ओढली नाहीं. बराच वेळ दोघांनाहि काय बोलावें हें सुचेना. अखेर तोच म्हणाला, “मामा, तीन वर्षांनीं ओढली. कागदावर सगळे आंकडे मांडले होते, एवढाच राहिला. तिकडं ते कधीं संपतच नाहीं, म्हणून कळलंच नव्हतं.”

मीं त्याला रागें भरलों नाहीं. कोणत्या तोंडानें भरणार? पाकीट माझेंच होतें.

त्या रात्रीं मला माळ्यावरची आजोबांची गुडगुडी आठवली. निजामाच्या अमदानींतली ती. ती ओढायची म्हणजे पाणी बदलायचें, गुडाखू भरायचा, निखारे फुलवायचे. घरांत एकदां निजानीज झाली, कीं आजोबांसाठीं चूल पेटवायला कोणी उठत नसे आणि त्यांचें व्यसनहि मुकाट्यानें निजत असे. शेतावरच्या गड्यांची चिलीम तर चौघांत फिरायची. छापी ओली करावी, विस्तव ठेवावा, झुरका मारावा. गप्पा रंगल्या कीं ती आपोआप विझायची. माझी सिगारेटहि पांच-सात मिनिटांत बोटाला चटका देऊन ‘पुरे’ म्हणते. त्यांतील कोणतेंच साधन निर्दोष नव्हतें. आजोबांचा आणि वडिलांचा खोकला मीं ऐकला आहे. परंतु प्रत्येकाला स्वतःचा असा एक शेवट होता. या नव्या यंत्राचा गुण हाच कीं शेवट जाणवत नाहीं. तीनशेंवा झुरका पहिल्यासारखा लागतो, आणि बॅटरी उतरण्यापूर्वींच ती भरण्याची सोय टेबलावर असते. त्या चिमुकल्या रचनेनें विजेचें नियमन चोख केलें. माणसाचें नियमन करणें तिच्या कामांत मोडत नव्हतें.

म्हणून त्या यंत्राला मी नांवें ठेवणार नाहीं. त्यानें माझ्या भाच्याची सिगारेट तीन वर्षें सोडविली, हें माझ्या पाकिटानें एका रात्रींत खोटें पडत नाहीं. मात्र सकाळीं त्या कागदावर मीं पट्टी ठेवून एक चौथा रकाना आंखला आणि त्यावर लिहिलें : ‘याच्यावांचून किती दिवस?’ भाच्यानें तो वाचला. यंत्रांपुढें कांहीं न लिहितां त्यानें खालीं दोन नांवें घातलीं, त्याचें आणि माझें. त्याचा रस २० मिलिग्रॅमचा. तो दहावर, मग सहावर, तीनवर आणि शेवटीं शून्यावर आणायचा. माझ्या सिगारेटी दिवसाला बारा. त्यांनाहि तीच वाट. दर रविवारीं फोनवर आंकडे सांगायचे आणि खोटें बोलायचें नाहीं.

परवांच्या रविवारीं त्याचा आंकडा दहा होता, माझा सात. उन्हाळ्यांत तें पहिलें यंत्र घ्यावें लागेल कीं नाहीं, हें मीं अजून ठरविलेलें नाहीं. न लागावें अशी इच्छा आहे, खात्री नाहीं. हा लेख लिहितांना दोन झाल्या. त्या रविवारीं सांगाव्या लागतील.