खर्च कुठल्या हेडला टाकू?

१
फेब्रुवारी. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या फायली इकडून तिकडे फिरतायत. रीत सोपी आहे: मागच्या वर्षीचा आकडा, त्यावर आठ टक्के, खाली बेरीज. ‘पर्यावरण’ या ओळीला आठ टक्केही मिळालेले नाहीत. मागच्या वर्षी पैसे खर्चच झाले नव्हते, म्हणून.

२
मुळात ती ओळ सापडायलाच वेळ लागला. तिच्या वर ‘कुरिअर व टपाल’, खाली ‘दिवाळी भेटी’.

३
“मामा, या चुन्याच्या गोण्यांचं बिल कुठल्या हेडला टाकू?”
“कुठंबी टाका, ताई. गोण्या उतरवून झाल्या.”
बिल ‘इमारत देखभाल’मध्ये गेलं. चुना म्हणजे रंगकाम, असा अकाउंट्सचा समज. त्यामुळे कागदोपत्री ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, वर्षभर चुन्याशिवाय चालला आणि इमारतीला दर महिन्याला सफेदी झाली.

४
आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत साधनसामग्रीचं कलम ७.१. एका वाक्यात संपतं. लागेल ते ठरवा आणि पुरवा, एवढाच आशय. २००४ च्या आवृत्तीत याच जागी पैशाचं नाव घेतलेलं होतं. २०१५ मध्ये ते मागच्या परिशिष्टात गेलं. परिशिष्टापर्यंत कोण वाचतं?

५
प्रमाणपत्राचं चक्र तीन वर्षांचं. सुरुवातीला दोन टप्प्यांचं ऑडिट, मग दर वर्षी पाहणी, मुदत संपताना पुन्हा सगळं. ही रक्कम अंदाजपत्रकातून कधीच राहून जात नाही, कारण कोटेशन तीन वर्षांचं एकदम येतं. डोजिंग पंप बिघडण्याआधी कोटेशन पाठवत नाही.

६
प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या संमतीपत्रात, म्हणजे कन्सेंटमध्ये, एक साधी अट असते: ईटीपीला वेगळा वीजमीटर. दहा एचपीचा ब्लोअर म्हणजे साडेसात किलोवॉट. चोवीस तास चालला तर दिवसाला १८० युनिट, महिन्याला ५,४००. युनिट दहा रुपयांनी धरा, ५४,००० रुपये. मीटरच्या वहीत एका महिन्याचे १,१०० युनिट. त्याच महिन्याच्या लॉगशीटवर ब्लोअरच्या रकान्यात पहिल्या तारखेपासून शेवटपर्यंत ‘चालू’.

७
शेजारच्या रकान्यात पीएच. तीस दिवस ७.२. एकतिसाव्या दिवशी ७.३. कुणीतरी विचारलं असणार.

८
फिल्टर प्रेसची कापडं. नवी असतात तेव्हा गाळातलं पाणी नीट सुटतं, प्लेटा उघडल्या की केक धपकन खाली पडतो. काही महिन्यांत चुना धरून कापड पत्र्यासारखं कडक होतं, छिद्रं बुजतात, केक मधोमध ओलाच राहतो आणि ईटीपीवरच्या मामांना तो लाकडी उलथन्याने खरवडून काढावा लागतो. नव्या सेटची मागणी परचेसकडे चार महिने पडून. वर शेरा: ‘जुनी धुऊन वापरावीत.’

आता हिशेब. केकमध्ये ६५ टक्के पाणी असेल तर एक टन कोरड्या गाळामागे २.८६ टन माल ट्रकमध्ये चढतो. पाणी ८० टक्के असेल तर ५ टन. विल्हेवाटीचा दर टनावर, गाडीभाडंही टनावर. म्हणजे प्रत्येक कोरड्या टनामागे दोन टनांहून जास्त पाणी आपण पैसे भरून फिरायला पाठवतो.

कापडं ‘स्टोअर्स अँड स्पेअर्स’मध्ये, विल्हेवाट ‘कायदेशीर पूर्तता’मध्ये. दोन हेड, दोन साहेब. स्पेअर्सच्या साहेबांचं खर्च आटोक्यात ठेवल्याबद्दल कौतुक झालं.

९
तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी, महापे. महाराष्ट्रातला घातक कचरा इथे जातो. रायगडच्या बाजूला ‘गाळाची विल्हेवाट लावली’ असं कुणी म्हणत नाही. ‘तळोज्याला गेला’ म्हणतात. विषय संपतो.

१०
घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतली यादी. ५.१: वापरलेलं तेल. ३५.३: सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ. ५.१ विकलं की पैसे येतात, ३५.३ ला पदरचे द्यावे लागतात. ५.१ चे ड्रम कुलपात, किल्ली स्टोअरकीपरच्या कमरेला. ३५.३ शेडबाहेर. ताडपत्रीची मागणी जूनपासून प्रलंबित.

११
पर्यावरण विभाग म्हणजे एक मुलगा. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी. अग्निशामक सिलिंडर, सेफ्टी शूजचं वाटप आणि कँटीनची कुपनंही त्याच्याकडे. त्याचा पगार ‘एचआर’ हेडला, म्हणून पर्यावरणावरच्या खर्चात धरलेला नाही. जबाबदारीच्या तक्त्यात मात्र त्याचं नाव सगळीकडे आहे.

१२
ईटीपीवर बदली ही एमआयडीसीत शिक्षा समजतात.

१३
अमेरिकेत व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला अमोको कंपनीची रिफायनरी होती. १९९५ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने काही कंपन्यांच्या जमाखर्चाचा अभ्यास छापला, त्यात तिचंही प्रकरण आहे. पर्यावरणापायी चालवण्याच्या खर्चातला किती हिस्सा जातो, असं तिथल्या माणसांना आधी विचारलं. अंदाज आला सुमारे तीन टक्के. मग एकेक हेड उघडून बघितलं: देखभालीत दडलेला, ऊर्जेत दडलेला, पगारात दडलेला. कच्च्या तेलाची किंमत वगळून बेरीज निघाली सुमारे २२ टक्के.

त्या तीन टक्केवाल्यांना हसायचं कारण नाही. ती आपापल्या खात्यातली जाणती माणसं होती. फक्त प्रत्येकाने आपल्याच खात्याचं उत्तर दिलं होतं.

१४
सूत रंगवताना रिॲक्टिव्ह रंग सगळाच्या सगळा कापसावर बसत नाही. पाचवा हिस्सा, कधी त्याहून बराच जास्त, पाण्यासोबत निघून जातो. इचलकरंजीत हे प्रोसेसवाल्या कुणालाही विचारा, नवीन काहीच नाही. मात्र हिशेब करताना वाया गेलेला रंग ‘प्रदूषण’ होतो. तोपर्यंत तो दर किलोला भाव घासाघीस करून विकत घेतलेला असतो, मिठासोबत वाफेवर तापवलेला असतो, आणि आता त्याचा रंग काढायला पुन्हा रसायन विकत घ्यायचं असतं. एकाच मालाचे तीनदा पैसे. खरेदी, बॉयलर आणि ईटीपी, तीन वेगवेगळ्या खात्यांत.

जर्मनीत यावर हिशेबाची एक पद्धत बसवली गेली, जपानी कंपन्यांनी ती उचलून धरली, २०११ मध्ये तिचं आयएसओ १४०५१ झालं. सार एवढंच: गटारात जाणाऱ्या मालालाही उत्पादन समजा आणि त्यावर आलेला सगळा खर्च त्याच्या नावावर लिहा. एका मालकांना हे सांगितलं. म्हणाले, “मग नफा कमी दिसेल.” नफा तेवढाच राहतो, हे पटवायला पुढची पंधरा मिनिटं गेली.

१५
डोंबिवली एमआयडीसी. २०१४: हिरवा पाऊस. फेब्रुवारी २०२०: गुलाबी रस्ता. दोन्ही बातम्या प्रदूषणाच्या म्हणून छापून आल्या. मालाची नासाडी म्हणून कुणी छापल्या नाहीत.

१६
सांडपाणी मोजणाऱ्या सेन्सरचं वार्षिक देखभाल कंत्राट संपलं. बोर्डाच्या सर्व्हरला जाणारे आकडे इतके चांगले आजवर कधी आले नव्हते.

१७
एक काळ असा होता की पर्यावरणाबद्दल सर्वात जास्त आस्था सीएंना असायची. प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रांवर प्राप्तिकरात पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा. पण यंत्र त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्माच. म्हणून स्क्रबर ऑक्टोबर उजाडायच्या आत उभा राहावा अशी घाई असे. मागोमाग दसरा. नव्या स्क्रबरला झेंडूची माळ, कुंकू, नारळ. १ एप्रिल २०१७ पासून घसाऱ्याचा कमाल दर ४० टक्क्यांवर आला. नारळ अजून फुटतात, घाई गेली.

१८
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पर्यावरण भरपाईचं सूत्र: प्रदूषण निर्देशांक, दिवस, रुपयांचा दर, कारखान्याचा आकार आणि ठिकाण, यांचा गुणाकार. निर्देशांक लाल गटाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०. दर २५० रुपये धरला, कारखाना मध्यम, लाल गटातला, शहराची वस्ती दहा लाखांच्या आत, तर दिवसाला २०,००० रुपये.

ब्लोअर चालवायचा दिवसाचा खर्च वर टिपण ६ मध्ये आहे. १,८०० रुपये.

१९
पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६. कलम १५ मध्ये आधी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जन विश्वास कायद्याने ते बदललं. १ एप्रिल २०२४ पासून कैद गेली, १०,००० ते १५ लाख रुपये शास्ती आली. कैदेची तरतूद अंदाजपत्रकात करता येत नव्हती.

२०
काम ठरल्या वेळेत होईल याची हमी म्हणून बोर्डाने पाच लाखांची बँक गॅरंटी मागितली. मुदत ठेव मोडून आठवड्यात दिली. हमी ज्या कामाची दिली ते साडेतीन लाखांचं काम. त्याचा प्रस्ताव दोन वर्षं ‘निधी उपलब्ध नाही’ म्हणून परत येत होता.

२१
मार्च एंड. उरलेल्या पैशांतून दोन पीएच मीटर घेतले. एक कपाटात आधीपासून होताच, खोक्यात.

२२
५ जून. खड्डे ‘सिव्हिल’ने केले, रोपं ‘वेल्फेअर’मधून आली, टोप्या आणि बॅनर ‘ब्रँडिंग’मधून. पाणी घालणं कुणाच्याच हेडला नव्हतं. पावसावर सोडलं. पाऊस त्या वर्षी २४ जूनला आला.

२३
कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ठरावीक आकारावरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. त्यात पर्यावरण बसतं, स्वतःचा ईटीपी बसत नाही. ते बरोबरच आहे, ती काही समाजसेवा नव्हे. गावच्या शाळेला पाण्याचा आरओ बसवलेला चालतो. बसवला. फीत सरपंचांनी कापली. शाळेच्या बोअरचं पाणी पिवळं का, हे समारंभात कुणी विचारलं नाही. हेडमास्तरांनी नंतर विचारलं, चहाच्या वेळी, हळू आवाजात.

२४
दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत बोर्डाकडे फॉर्म पाच द्यायचा, पर्यावरण विवरणपत्र. १९९३ पासून आहे. दिसायला रटाळ, पण त्यातला एक भाग मला फार हुशार वाटतो. प्रदूषण कमी करण्यासाठी जे केलं त्याचा नैसर्गिक साधनांच्या बचतीवर आणि उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला, असा तिथे सरळ प्रश्न आहे. पुढच्या भागात: आणखी काय उपाय, काय गुंतवणूक करणार? अंदाजपत्रकाच्या बैठकीत जे दोन प्रश्न कुणी विचारत नाही ते सरकारने तीस वर्षांपासून छापून ठेवलेत.

बघायला मिळालेल्या प्रतींतली उत्तरं: ‘नाही.’ ‘लागू नाही.’ ‘सध्याचे उपाय पुरेसे आहेत.’ एका प्रतीत पहिल्या प्रश्नाखाली बागेचा रंगीत फोटो डकवलेला. बाग छान आहे.

२५
मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये हवामान अंदाजपत्रक काढलं. ऑस्लो, न्यूयॉर्क, लंडन यांच्यानंतर असं करणारं मुंबई हे चौथं शहर, असं सांगितलं गेलं. भांडवली खर्चातले १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, हवामानाशी निगडित म्हणून वेगळे दाखवले. नवी तिजोरी उघडलेली नाही. जी कामं होणारच होती त्यांच्यावर खूण केली: हे हवामानाचं, हे नाही. काही जणांनी नाकं मुरडली. मला खूण करणंही थोडं वाटत नाही. आमच्या चुन्याच्या गोण्यांवर कुणी अजून ती केलेली नाही.

२६
व्यवस्थापन आढावा बैठक. साधनसामग्री पुरेशी आहे का, हा विषय मानकाप्रमाणे पटलावर घ्यावाच लागतो. मिनिट्समध्ये: ‘पुरेशी असल्याचे नमूद करण्यात आले.’ वेळ ११.४०. पुढचा विषय, पार्किंगचे पट्टे, १२.२५ पर्यंत.

२७
अंतिम बैठक. फायनान्सच्या साहेबांचा निर्णय: सगळ्या हेडना सरसकट दहा टक्के कात्री. फॉर्म्युला एका खणात टाकला आणि खाली ओढला. गाळ दहा टक्क्यांनी कमी झाला. कन्सेंटची फीसुद्धा.

“साहेब, ती फी भांडवली गुंतवणुकीवर असते. बोर्ड ठरवतं.”
“मग बोर्डाशी बोलून घ्या ना.”

मिनिट्समध्ये तसंच लिहिलं. जबाबदारी: पर्यावरण विभाग. मुदत: १५ मार्च.