आठशे वर्षांचा म्हातारा आणि आमची आजी

मागच्या आठवड्यात मला ५२ वर्षं पूर्ण झाली. घरच्यांना या आकड्याबद्दल वेगळं सांगायला नको. बाबा ५२व्या वर्षी गेले. हार्ट अटॅक, झोपेतच. त्यामुळे यंदा केक वगैरे नको म्हटलं आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. विषय काय, तर प्राचीन चीनमधले दीर्घायुषी लोक! (वाढदिवसालाच हा विषय कसा सुचला, ते विचारू नका.)

आपल्याकडे जसे चौदाशे वर्षांचे चांगदेव, तसा तिकडे पेंग झू. हा म्हणे आठशे वर्षं जगला. श्वासावर ताबा, मोजकं खाणं, ठरावीक व्यायाम, असं त्याचं गुपित सांगतात. दुसरीकडे चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग. त्याला अमरच व्हायचं होतं. अमृत शोधायला त्याने माणसं समुद्रापार पाठवली. ती आली नाहीतच, आणि इ.स.पू. २१० मध्ये स्वारी वयाच्या ४९व्या वर्षी आटोपली. पुढे तांग घराण्यातल्या काही राजांनी तर आयुष्य वाढवायला म्हणून पाऱ्यासारख्या विषारी वस्तूंपासून बनवलेली औषधं घेतली आणि त्यापायीच जीव गमावला.

इथवर गंमत वाटत होती. मग चौथ्या शतकातल्या गे होंगने लिहिलेली पेंग झूची गोष्ट वाचली. त्यात पेंग झू स्वतःच सांगतो, की आजवर माझ्या ४९ बायका गेल्या आणि ५४ मुलं गेली.

तिथे मी थांबले. मला आजी आठवली.

बाबा गेले तेव्हा ती ७० वर्षांची होती. त्यानंतर २४ वर्षं जगली. कुणी वय विचारलं की चोरी पकडल्यासारखा चेहरा करायची. आधी कुणीही नमस्कार केला की "औक्षवंत हो" म्हणायची. बाबांनंतर नुसतं "सुखी राहा". हे आमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आलं होतं कोण जाणे. मला बऱ्याच वर्षांनी उमगलं, आणि तेव्हाही तिला विचारायचा धीर झाला नाही.

त्याच रात्री मावांगदुईबद्दल वाचलं. चीनच्या हुनान प्रांतात, छांगशा शहराजवळ १९७३ साली एक थडगं उघडलं. इ.स.पू. १६८ मधलं. त्यात रेशमावर काढलेलं एक चित्र तुकड्यातुकड्यांत सापडलं. व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या, बायका आणि पुरुष, तरुण आणि म्हातारे. कुणी अस्वलासारखं, कुणी करकोच्यासारखं. काहींच्या शेजारी दुखण्याचं नावसुद्धा लिहिलंय. त्यात गुडघेदुखीही आहे, बरं का! या व्यायामांना 'दाओयिन' म्हणतात. आता हे चित्र सोबत घेऊन पुरलेला माणूस किती वर्षांचा? जेमतेम तिशीतला. आणि त्याची आई त्याच्यानंतर काही वर्षांनी वारली. तिचं शेजारचं थडगं आधीच, १९७२ साली, उघडलं होतं. शरीर इतकं टिकलेलं, की डॉक्टरांना मृत्यूचं कारण शोधता आलं. पन्नाशीची बाई, हृदयविकार.

म्हणजे मुलाला निरोप देताना ती होती. ते चित्र त्याच्याजवळ कुणी ठेवलं असेल?

मग या सगळ्या व्यायामाचा उपयोग तरी काय? मजा म्हणजे झुआंगझी हा ताओ परंपरेतलाच प्राचीन ग्रंथ, पण पेंग झूइतकं जगायला मिळावं म्हणून अस्वलासारखं लोंबकळणाऱ्या आणि पक्ष्यासारखं ताणणाऱ्या लोकांकडे तोही थोडा वरूनच बघतो. मला पटला तो वैद्य हुआ तुओ, इ.स. २०८ च्या सुमारास वारलेला. वाघ, हरीण, अस्वल, माकड, पक्षी अशा पाच प्राण्यांच्या हालचाली त्याने शिकवल्या. अंग जड वाटलं की उठून एखादा प्राणी करायचा, घाम येईपर्यंत. मग अंग हलकं होतं आणि भूक लागते. बस्स. आठशे वर्षांची भाषाच नाही. त्याचा एक शिष्य नव्वदीपुढे गेला, कान, डोळे, दात शाबूत ठेवून, असं नोंदलेलं आहे.

आजीचंही तसंच होतं. नव्वदीतसुद्धा सकाळी गुडघ्यांना तेल चोळून, भिंतीला धरून व्हरांड्यात दहा फेऱ्या मारायची. एकदा मी चिडून म्हटलं, "आजी, पडशील! कशाला एवढा अट्टहास?" तर म्हणाली, "अगं, जगायला नाही. आंघोळीला आपापलं जाता यावं म्हणून."

परवापासून मीही सकाळी अस्वल करायला लागलेय. गुडघे कटकट वाजतात आणि लेक हसून लोळते. वाढदिवसाला तिने वाकून नमस्कार केला, तेव्हा मी "औक्षवंत हो" म्हणाले. आजीचा शब्द होता, बरीच वर्षं घरात कुणी काढला नव्हता.