डिंभ्याचा हिरडा

पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ पासून आहे. तें पाहून आल्यावर आमच्या नातवानें घरीं फळीवर रूळ मांडले. बोगदा झाला, पूल झाला. झाडें मात्र विकत आणावयाचीं तर तीं पेन्शनरास परवडणारीं नव्हेत. तेव्हां तीं घरींच करूं, असें आम्ही वचन देऊन बसलों.

कृति अगदीं सोपी. वृंदावनांतील तुळशीच्या वाळलेल्या काड्या (घरच्या मंडळींची अनुज्ञा काढून) घ्याव्या, त्यांस सरस लावावा व वर हिरवा रंगविलेला लाकडाचा भुसा भुरभुरावा. युरोपांत यासाठीं उत्तरेकडील एक दगडफूल वापरतात. आपल्या मसाल्यांतील दगडफुलाचेंच तें भावंड. आमची गाडी खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्शाची. म्हणून ६० फुटी वृक्ष सुमारें ८ इंचांचा धरला. सायंकाळपर्यंत वीस झाडें उभीं राहिलीं. नातवानें विचारलें, "आजोबा, हीं कसलीं झाडें?"

आम्हांस उत्तर सुचेना. तीं कसलींच नव्हतीं. नुसत्या हिरव्या छत्र्या होत्या.

नाताळच्या सुटींत एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही नातवासह डिंभ्यास गेलों. मंचर, घोडेगांव मागें टाकून एस. टी. घोड नदीवरील धरणाशीं पोहोंचते. १९३० सालीं मुंबईंत परदेशी कापडाच्या लॉरीपुढें देह ठेवणारे महाळुंगे पडवळचे बाबू गेनू यांचें नांव या जलाशयास दिलें आहे. ज्यावरून तालुक्यास नांव पडलें, तें जुनें आंबेगांव याच पाण्याखालीं गेलें.

काठावरची टेकडी चढतांना एक वृद्ध गृहस्थ भेटले. "येथें हिरडा कोठें पाहावयास मिळेल?" असें आम्हीं विचारतांच ते हंसून म्हणाले, "गुरुजी, त्याच्याच तर सावलीला उभे आहात!"

अमरकोशांतील वनौषधिवर्ग आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतला. हरीतकीचीं सारीं नांवें मुखोद्गत. पण झाड समोर असून ओळखतां आलें नाहीं! मनांतून फार शरमलों. त्या गृहस्थांनीं काळपट, भेगाळ सालीवर नातवाचा हात फिरविला, फांद्या कोठून फुटतात तें दाखविलें. कोंवळीं फळें वाळवून त्यांचा बाळहिरडा होतो व तो विकून डोंगरांतल्या घरांस चार पैसे मिळतात, हेंही सांगितलें. मग पाण्याकडे पाहून म्हणाले, "आमच्या जुन्या दारात असाच होता. गावाबरोबर गेला."

परत आल्यावर जुन्या विजेच्या तारेंतील तांब्याचे धागे पिळून आम्हीं खोड केलें, टोकें उलगडून फांद्या पसरल्या. सालीसाठीं चहाचा वाळलेला चोथा सरसांत कालवून थापला. भुसा दोन छटांत रंगवून बारीक चाळला. खर्च जवळजवळ कांहींच नाहीं, परंतु एका झाडास दोन दिवस लागले.

छत्र्या काढून टाकून नातवानें तेथें तो एकच हिरडा लावला. आंबेगांव तालुक्यांत अद्याप आगगाडी नाहीं. तरी झाडाशेजारीं त्यानें एक स्थानक उभारून त्यावर 'आंबेगांव' अशी पाटी लाविली.

वाचकांस एवढीच विनंती कीं, मुलांस झाड करावयास शिकविण्यापूर्वीं त्यांस एकदां झाडापाशीं न्यावें. आपणही बरोबर जावें.