उलटा शर्ट

आधी शर्टाचं सांगतो. मग बाकीचं.

रंग लाल. कुंकवाचा लाल नाही, मिरचीचा. त्यावर तळहाताएवढी पिवळी फुलं. कापड टेरिलीनचं. घाम आला की अंगाला चिकटायचं, पण धुतलं की तासाभरात वाळायचं आणि इस्त्रीचा खर्च नाही. कॉलर लांब टोकाची, डॉग कॉलर म्हणायचे तिला. खाली सव्वीसच्या मोहरीची बेलबॉटम. साल १९७८. मी वीस वर्षांचा. कापड कटपीसवाल्याकडचं, शिलाई आमच्याच गल्लीतल्या टेलरची, पैसे माझ्या पहिल्या पगाराचे.

त्याआधी अंगाला नवं कापड लागलंच नव्हतं असं नाही. चौदा एप्रिलला बाप घ्यायचा. पण पांढरं घ्यायचा, नाहीतर खाकी. म्हणजे शाळेत चालेल, जयंतीला चालेल, मयतीलाही चालेल. रंगाचं जे काही वाट्याला आलं ते उतरलेलं. आई ज्या घरी भांडी घासायची त्या घरच्या पोराचं. तो पोरगा माझ्याच शाळेत. एकदा मधल्या सुट्टीत त्यानं माझ्या अंगावरचा शर्ट ओळखला. बोलला काहीच नाही. नुसता खिशावरच्या शाईच्या डागाकडं बघत राह्यला. तो डाग त्याचा होता.

तेव्हा लाल शर्ट म्हणजे काय होतं, ते आता ध्यानात येईल. त्या शर्टावरचा डागसुद्धा माझाच पडणार होता.

आमचं एक अभ्यासमंडळ होतं. दर रविवारी चाळीच्या गच्चीवर बसायचो. जुलैमध्ये विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि त्यापाठोपाठ मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या होत्या. रोज नवी बातमी यायची. अशा दिवसांत मी तो शर्ट घालून गच्चीवर गेलो. मंडळात एक शिकलेले कॉम्रेड यायचे. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. म्हणाले, "काय हे? वस्त्या जळतायत आणि तू वरातीला निघालास? कार्यकर्त्यानं साधं राहावं. हे असलं मवाली घालतात."

पोरं हसली. माझे कान तापले. पण गप्प बसलो नाही. नुकतंच वाचलेलं ताजं होतं, सगळं ओतलं.

म्हणालो, साधं राहायचं कुणी? ज्याच्याकडं सोडायला काही आहे त्यानं. गांधींनी १९२१ साली मदुराईत अंगातले कपडे उतरवले आणि पंचा धरला. जगानं वाहवा केली. त्यांना उतरवता आले, कारण अंगावर होते. आमच्या आज्यापणज्याला हा त्याग करायची सोयच नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं मेलेल्या माणसाचे कपडे घालावेत असा नियम आहे. आणि तो नुसता पोथीत राह्यला नाही. गावात मढ्यावरचं कापड हा महाराचा हक्क होता. हक्क! माणूस मेला की त्याचं कापड आमचं. ज्याला आयुष्यभर मढ्याचं कापड नेसवलं, त्याला तुम्ही साधेपणा शिकवणार?

म्हणूनच बाबासाहेब सुटाबुटात राह्यले. १९३० साली गोलमेज परिषदेला गेले ते सुटात. पुढच्या वर्षी दुसऱ्या परिषदेला गांधी पंचा नेसून आले. दोघंही कपड्यातूनच बोलत होते. एकजण म्हणत होता, मी गरिबासारखा दिसतो. दुसरा म्हणत होता, माझी माणसं आता तशी दिसणार नाहीत. महाडला १९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृती जाळली, तेव्हाच बायांच्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना लुगडं कसं नेसावं, अंगावर कुठले दागिने ठेवू नयेत, हेही सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाला लुगड्यावर बोलायला वेळ होता. कारण दुरून माणसाची जात ओळखू येते ती कपड्यावरनं, हे त्यांना ठाऊक होतं.

मग मी इंदूरचं काढलं. 'जातिप्रथेचं निर्मूलन' हे बाबासाहेबांचं १९३६ चं भाषण, ज्यांनी बोलावलं त्यांनीच होऊ न दिलेलं. त्यात १९२८ सालची हकीकत आहे. इंदूरकडच्या गावांतल्या सवर्णांनी तिथल्या बलाई लोकांवर अटी लादल्या. जरीच्या काठाची पगडी घालायची नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. नीट बघा, धोतराला बंदी नव्हती. काठाच्या रंगाला होती. बोटभर रुंदीचा रंग सहन होत नव्हता. तिकडं दक्षिणेत रामनाडला १९३० साली कळ्ळर जातीनं आदिद्रविडांना बजावलं होतं की पुरुषांनी सदरा, कोट, बनियनसुद्धा अंगात घालायचं नाही, गुडघ्याखाली कापड न्यायचं नाही.

"तेव्हा कॉम्रेड," मी म्हणालो, "ह्या शर्टावरची फुलं मोजा. एकेक फूल म्हणजे एकेक कलम मोडलंय."

टाळ्या पडल्या. कॉम्रेडही हसले, पाठीवर थाप मारली. त्या रात्री मला झोप आली नाही. आपण फार मोठं काहीतरी केलं असं वाटत होतं.

आता जे सांगतो ते त्या गच्चीवरच्या कुणालाच मी कधी सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बापानं गावी धाडलं. मराठवाड्यातलं आमचं गाव. चुलत्याची खुशाली बघून ये म्हणाला. शर्ट घालूनच निघालो. मुंबईपासून एसटीत सुलटा घालून आलो. फाट्यावर उतरलो तर तात्या उभा. त्यानं आधी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. शर्टाकडं बघितलं.

"हे काढ."

"का?"

"काढ म्हन्तो ना. दुसरं हाये का?"

पिशवीत दुसरा होता तो ह्याच्याहून भडक. जांभळा.

"मंग ह्योच उलटा घाल."

तात्याचा आवाज चढलेला नव्हता. हात तेवढे थरथरत होते. मी गच्चीवरचं एक वाक्यसुद्धा बोललो नाही. बाभळीच्या आडोशाला गेलो आणि शर्ट उलटा घातला. उलट्या शर्टाच्या गुंड्या आतून लावाव्या लागतात. बोटं वळत नाहीत. शिवणी वर आल्या, कॉलर मानेला रुतली. उलट्या बाजूनं फुलं फिकी दिसत होती, धुऊन धुऊन विटल्यासारखी. उतरलेल्या कपड्यासारखी.

रानातली वाट धरली. वस्ती दिसायला लागली तेवढ्यात समोरनं पाटलाचा थोरला सायकलीवर आला. माझ्याच वयाचा. आणि दोस्तांनो, त्याच्या अंगात तसलाच शर्ट होता. हिरवा, पांढऱ्या फुलांचा, तीच कॉलर. सुलटा.

थांबला. चांगलं बोलला. "कवा आलास?" विचारलं. मग नीट बघितलं आणि हसला. "आरं, शर्ट उलटा घातलायस की."

मी म्हणालो, "अंधारात घातला. ध्यानात नाही आलं."

त्यानं मला मारलं नाही. शिवी दिली नाही. काढ म्हणाला नाही. माझा शर्ट मी स्वतःच्या हातानं उलटा केला होता आणि वर खोटंही मीच बोललो. ते खोटं त्यालाही कळलं, तात्यालाही कळलं. तात्या जमिनीकडं बघत होता.

वस्तीत दोन घरांच्या भिंती काळ्या पडलेल्या. तात्याची कडब्याची गंजी जाळलेली, माणसं वाचलेली. रात्री जेवताना तात्या एवढंच बोलला, "तुला शर्ट घालून माघारी जायचंय, लेकरा. आमाला हितंच ऱ्हायचंय."

ह्यावर माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. मुंबईत अंगावर चढवलेल्या रंगाची किंमत गावात दुसराच कुणी मोजतो, हे गच्चीवर टाळ्या घेताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तात्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. पण त्या वस्तीत राहून त्यानं पोरींना शाळेत घातलं, घरात बाबासाहेबांचा फोटो लावला, तो काढला नाही. त्याला कुठं वाकायचं आणि कुठं नाही ते ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं.

आता कापड येतं कुठून, तेही बोललं पाहिजे. बाप गिरणीत रिंगखात्यात. केसांत, भुवयांत कापूस घेऊन घरी यायचा. त्याच्या बापाच्या वेळेला आपल्या माणसाला साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात घेत नसत. पगार तिथं जास्त. कारण काय? तुटलेला धागा धोट्यातनं तोंडानं ओढावा लागायचा. आमची थुंकी लागलेला धागा दुसऱ्याला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे खातं खुलं करा ही मागणी लावून धरली, तेव्हा कुठं ती पुढाऱ्यांनी नाइलाजानं मागण्यांच्या यादीत घातली. लाल बावटा होता, पण धाग्याला जात होती. आम्ही कातलेल्या सुताचं कापड सगळ्या मुंबईनं घातलं, फक्त ते विणायला आमचं तोंड बाटत होतं.

१८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बापही पडला, तो परत आत गेलाच नाही. त्याच्या गिरणीच्या जागेवर आता मॉल आहे. काचेआड शर्ट टांगलेत. एका शर्टाची किंमत बापाच्या वर्षभराच्या पगाराएवढी.

परवा माझा पुतण्या तसला शर्ट घालून आला. पिवळाजर्द, त्यावर काळे पट्टे, छातीवर कुठल्याशा परदेशी कंपनीची खूण. म्हणाला, "काका, ओरिजनल नाही, फर्स्ट कॉपी आहे. ओरिजनल हप्त्यावर घेणार आहे." माझ्या तोंडून निघून गेलं, "साधं काही मिळत नाही का रे?"

बोललो आणि जीभ चावली. खादीचा झब्बा नसतानाही माझ्या तोंडून तो कॉम्रेडच बोलला होता.

तरीही मी त्याच्याशी भांडलो. रंगावरनं नाही, खुणेवरनं. म्हणालो, माझ्या शर्टावर कुणाचं नाव नव्हतं. तू पैसे देऊन दुसऱ्याचं नाव छातीवर मिरवतोस. हे शर्ट शिवतं कोण? २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात, ढाक्याजवळ साव्हारला राणा प्लाझा इमारत कोसळली. परदेशी कंपन्यांचे कपडे शिवणारे अकराशेंहून जास्त कामगार मेले, त्यांत बाया जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं. ह्या शिवणीत त्यांचाही धागा असेल.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "काका, तुमच्या टेरिलीनच्या गिरणीत काय माणसं सुखात होती? आणि मला ऑफिसात पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. शर्टाची खूण दिसली की पुढचं विचारत नाहीत. थोडा वेळ तरी." आता मी गप्प झालो. थोडा वेळ तरी. त्या थोड्या वेळासाठी पोरगं हप्ते भरणार. सावकार बदललाय, कर्ज तेच आहे, हे त्याला सांगायचं होतं. पण जो प्रश्न शर्टानं टळतो तो प्रश्न विचारणाऱ्याला मी काय केलं? काहीच नाही.

आणि रंगाची बंदी संपली असंही कुणी समजू नये. २०२३ साली गुजरातेत, बनासकांठा जिल्ह्यात, एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाली. इंदूरच्या अटींना पंचाण्णव वर्षं झाली होती.

तेव्हा मित्रहो, पोरांच्या भडक शर्टाला हसू नका. ते हसणं आपलं नाही, ते आपल्यात दुसऱ्यानं शिवलेलं आहे. आणि शर्ट घातला म्हणजे लढाई झाली असंही पोरांना सांगू नका. मी टाळ्या घेतल्या होत्या, दोन महिन्यांत शर्ट उलटा केला. गच्चीवर बोलायचं ते फाट्यावर बोलता येईल का, एवढं आधी तपासा. आणि येत नसेल तर फाट्यावर एकट्याला पाठवू नका. दहाजण जा.

गेल्या महिन्यात पुतण्या गावी गेला. तोच पिवळा शर्ट घालून. मी निघताना काही बोललो नाही. फक्त म्हणालो, उतरलास की फोन कर. तो हसला. संध्याकाळपर्यंत मी फोन हातात घेऊन बसलो होतो. बायको म्हणाली, काय लहान आहे का तो?

सात वाजता फोन आला.

"पोचलो काका."

"शर्टाचं कुणी काही बोललं का?"

"बोलले ना. पाटलाच्या नातवानं विचारलं, कितीला घेतला."

"मग तू काय सांगितलंस?"

"खोटं सांगितलं," तो म्हणाला. "ओरिजनल आहे म्हणालो."