परक्या डोळ्याची उसनवारी

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर सोलापूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मराठी वाचकाच्या हातात जेम्स क्लॅव्हेलची ‘शोगुन’ (१९७५) असते, तेव्हा वाचनाची एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते. हा वाचक जपानी नाही. आणि ज्याच्या दृष्टिकोणातून बरीचशी कादंबरी उलगडते, तो इंग्रज खलाशीही नाही. तरीही काही पानांतच तो ब्लॅकथॉर्नच्या शेजारी जाऊन बसतो. १६०० साली जपानच्या किनाऱ्याला लागलेल्या विल्यम अ‍ॅडम्सवर बेतलेले हे पात्र भाषा शिकत जाते, तसतसा वाचकही शिकतो. नायकाचे अज्ञान हेच निवेदनाचे साधन ठरते. त्याला जे कळते, त्यातले बरेचसे मारिको या दुभाष्या स्त्रीच्या मुखातून आलेले असते. हे मधले भाषांतर वाचक विसरतो आणि जपान कळल्याचे समाधान मानतो.

या समाधानाची परीक्षा घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सोलापूरची गाडी ज्या मुलखाकडे जाते, तिथल्याच तुळजापुराभोवती फिलिप मेडोज टेलरची ‘तारा’ (१८६३) उभी आहे. नळदुर्गाकडचा कारभार पाहिलेल्या या अधिकाऱ्याला प्रदेश चांगला परिचित होता. तरी अफझलखानाच्या स्वारीचा काळ त्याच्या नजरेतून वाचताना मराठी वाचक अस्वस्थ होतो. इथे तो निरीक्षक राहत नाही. त्याचेच पूर्वज निरीक्षणाचा विषय झालेले असतात. ‘शोगुन’मध्ये लोभस वाटलेली अद्भुतता इथे खटकते.

मात्र या अस्वस्थतेच्या आधारे ‘आपली’ आणि ‘परकी’ दृष्टी अशी वाटणी करता येत नाही. हरि नारायण आपट्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ (१८९०-९१) ही आरंभीची ऐतिहासिक कादंबरी टेलरच्याच टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधाराने लिहिली गेली; ‘उषःकाल’ त्यानंतरची. स्वतःच्या भूतकाळाकडे पाहण्याची मराठी कादंबरीची रीतही अंशतः उसनी आहे.

शब्दांचेही तसेच. ‘सरंजाम’ हा मूळ फारसी शब्द मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी लावून दिलेल्या महसुलासाठी रूढ होता. ‘सरंजामशाही’ म्हणून तो युरोपीय व्यवस्थेला लावला गेला आणि पुढे जपानलाही. तोकुगावा काळातील दाइम्योचे स्थान ‘कोकू’ या तांदळाच्या मापाने ठरे. दहा हजार कोकू ही त्याची किमान मर्यादा. हा हिशेब त्या शब्दात मावत नाही, तरी वाचकाला अर्थ लागल्यासारखा वाटतो.

ब्लॅकथॉर्नच्या शेजारची जागा सोडणे वाचकाला कदाचित जमणार नाही. पण तुळजापूर स्मरणात असेल, तर समोरच्या जपानी माणसाला हेच वर्णन कसे वाटत असेल, हा प्रश्न त्याला टाळता येणार नाही.