दवाखान्याच्या वाटेवर दोघं

डॉक्टरांची अपॉइंटमेंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? फाइल, रांग, पार्किंगची शोधाशोध आणि पोटातला गोळा. मला मात्र त्या दिवसाची वाट बघायला आवडतं, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण खरंच सांगते. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघं बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधून चालत डोळ्यांच्या दवाखान्यात जातो, आणि ती वाट माझ्या आवडीची झाली आहे.

चालत जाण्याचं कारण साधं आहे. तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. मग काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. गाडी चालवायचा प्रश्नच नाही. अंतर दोन किलोमीटरच्या आतलं. मुलगी पुण्याहून फोन करते, “आई, कॅब बुक करू का?” मी म्हणते, “नको गं, तुझ्या बाबांना फिरवून आणते.”

ह्यांना काचबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर तपासायला गेलो, तेव्हा कळलं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. बहुतेकांच्या बाबतीत डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू खराब होते आणि नजर कडेने कमी होत जाते. समोरचं स्वच्छ दिसत असतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची असते. त्यासाठी रोज रात्री थेंब, न चुकता.

तेव्हापासून रस्त्यावर मी त्यांच्या डाव्या हाताला चालते. त्या बाजूची नजर जास्त गेली आहे. यावर आम्ही कधी बोललो नाही. मी बाजू बदलली, त्यांनी हात पुढे केला, झालं.

आमचं घर सँकी तलावाजवळ. 1882 मध्ये बांधलेल्या या तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते. तिथून निघालो की अठरावा क्रॉस, मग सतरावा, सोळावा असे आकडे उतरत जातात. हे प्रत्येक क्रॉसला मोठ्याने आकडा म्हणतात, लहान मुलासारखे. फेब्रुवारीत गेलो तर टॅबेबुयाचा गुलाबी सडा पडलेला असतो. या शहरात वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुललेलं दिसतं, त्याचं श्रेय लालबागचे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांना देतात. म्हैसूर संस्थानात येण्याआधी ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे होते, हे कळल्यावर मला उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं!

मराठी खुणा आणखीही आहेत. काडू मल्लेश्वर मंदिर, ज्यावरून या भागाला नाव मिळालं, ते शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात बांधलं, असं सांगतात. समोरच्या नंदितीर्थात नंदीच्या मुखातून पाणी खालच्या शिवलिंगावर पडत राहतं. जाताना आम्ही तिथे दोन मिनिटं थांबतो. काय मागितलं, हे एकमेकांना विचारत नाही.

आणि एक गंमत. 1898 मध्ये बेंगळुरूत प्लेग आला. दाटीवाटीच्या पेठांतल्या लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी आखली गेली. सरळ रस्ते, घरांच्या मागे सफाईसाठी अरुंद गल्ल्या. म्हणजे हा भागच मुळी आरोग्यासाठी वसवलेला! संपिगे रोड म्हणजे सोनचाफ्याचा रस्ता, मार्गोसा रोड म्हणजे कडुलिंबाचा. औषधाच्या वाटेला याहून चांगली नावं कुठली?

आठव्या क्रॉसला फुलवाल्या बसतात. मोगऱ्याची माळ कोपरापासून बोटांपर्यंत हाताने मोजून देतात. त्या मापाला कन्नडमध्ये ‘मोळ’ म्हणतात. हे एक मोळ घेतात. पैसे देताना फुलवालीकडे पूर्ण मान वळवतात. ते मान वळवणं मला दिसतं.

दवाखान्यात मात्र गप्पा थांबतात. नजरेच्या कडा तपासताना एका भांड्यासारख्या यंत्रात डोकं ठेवून समोर बघायचं आणि बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. मी बाहेर बसते. आतून बटणाचा आवाज येतो, मग बराच वेळ येत नाही. त्या शांततेत मोगरा मुठीत घट्ट धरला जातो.

यावेळी दाब 15 निघाला. साधारणपणे 10 ते 21 ठीक मानतात, पण प्रत्येकाला किती हवा, ते डॉक्टर ठरवतात. “मागच्या वेळेइतकंच आहे, वाढलेलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. बरं झालं नाही, पण थांबलं आहे. आमच्या घरात आता हीच गोड बातमी.

परतताना सीटीआरमध्ये बेण्णे डोसा, म्हणजे लोणी डोसा. थेंबांमुळे ह्यांना मेनू वाचता येत नाही. “वाचायचं काय त्यात,” म्हणत ते दोन मागवतात.

आता तुमच्यासाठी थोडं. चाळिशी ओलांडली असेल, तर चष्म्याच्या नंबराबरोबर डोळ्याचा दाब आणि मागची नसही तपासून घ्या. काचबिंदू घराण्यात असू शकतो, म्हणून माझ्या दिरांनी आणि मुलीनेही तपासणी करून घेतली. आणि जमेल तेव्हा, झेपेल तितकं, आपल्या माणसाबरोबर दवाखान्यात चालत जा. आत काय सांगतील ते आपल्या हातात नसतं. तिथवर हात कुणाचा धरायचा, ते नक्की असतं.