ऑल्ट-टॅबच्या पट्टीत काय दिसावं

लिनक्सवर ज्यांचा दिवस दोन-चार दस्तऐवजांत ये-जा करण्यात जातो, त्यांनी ग्नोम या डेस्कटॉपमधली ऑल्ट-टॅबची मूळ ठेवण बदलून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. माझं काम भाषांतरं तपासण्याचं. मूळ मजकूर लिबरऑफिस रायटरच्या एका विंडोत, भाषांतर दुसऱ्या विंडोत आणि शब्दकोश फायरफॉक्समध्ये. 2011 साली ग्नोम 3 आलं, तेव्हापासून तिथे ऑल्ट-टॅब दाबलं की विंडो नव्हे, ॲप्लिकेशनची चिन्हं समोर येतात. रायटरच्या दोन्ही विंडो एकाच चिन्हाआड जातात. त्यांच्यात ये-जा करायची तर ऑल्टसोबत टॅबच्या वरची कळ, शब्दकोशाकडे जायचं तर टॅब. चिन्हावर अर्धा सेकंद थांबलं की खाली विंडोंची छोटी चित्रं उघडतात खरी, पण कामाच्या ओघात बोटं तेवढी थांबत नाहीत. शिवाय दर वेळी आधी ठरवावं लागतं, की हवी ती विंडो याच ॲप्लिकेशनची आहे की दुसऱ्या. तपासणाऱ्याच्या डोक्यात असते ती ‘मूळ’ आणि ‘भाषांतर’ अशी जोडी. कोणतं पान कशात उघडलंय, याच्याशी त्याला त्या क्षणी काही देणंघेणं नसतं.

ऑल्ट-टॅबचं सगळं बळ क्रमात आहे. नुकती सोडलेली विंडो पहिली, तिच्या आधीची दुसरी. म्हणूनच न बघता मागे जाता येतं. पट्टी दिसण्याआधी ग्नोम सुमारे दीडशे मिलिसेकंद थांबतं. झटकन दाबून सोडलं तर ती दिसतही नाही आणि काम होऊन जातं. ॲप्लिकेशनच्या गटांमुळे नेमका हा क्रम मोडतो. मूळ मजकुरावरून भाषांतरावर आलो आणि ऑल्ट-टॅब दाबलं, तर मूळ मजकूर येत नाही, फायरफॉक्स येतं. यावर उपाय ग्नोममध्येच आहे. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या शॉर्टकट यादीत नेव्हिगेशन विभाग उघडायचा आणि ‘स्विच विंडोज’ला ऑल्ट-टॅब द्यायचं.

आता पट्टीत काय दिसावं, हा प्रश्न. ‘स्विच विंडोज’ची पट्टी विंडोचं छोटं चित्र आणि ॲप्लिकेशनचं चिन्ह दोन्ही दाखवते, आणि जीसेटिंग्ज या ग्नोमच्या सेटिंग बदलण्याच्या साधनातल्या ‘ॲप-आयकॉन-मोड’ने त्यातलं एकच ठेवता येतं. चित्रं सुंदर दिसतात, पण मजकुराच्या कामात फसवतात. देवनागरीची दोन पानं त्या आकारात सारखीच दिसतात, शिरोरेषांच्या करड्या पट्ट्या आणि पांढरा कागद. ओळख पटते ती शीर्षकावरून, आणि ग्नोम फक्त निवडलेल्या विंडोचं शीर्षक खाली दाखवतं. म्हणून फाइलच्या नावात वेगळा शब्द सुरुवातीलाच हवा. केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप इथे पुढे आहे. तिथे टास्क स्विचरची मांडणीच बदलता येते, आणि लहान चिन्हापुढे शीर्षक अशी साधी यादी मला सर्वांत उपयोगी वाटते.

गट केले नाहीत तर वीस विंडोंची जत्रा भरेल, हा आक्षेप खरा आहे. पण त्यासाठी वर्कस्पेस आहेत, आणि ‘स्विच विंडोज’ची पट्टी मुळातच चालू वर्कस्पेसपुरत्या विंडो दाखवते. कामागणिक वर्कस्पेस केला की पट्टी आखूड राहते. टॅबच्या वरची कळ अंगवळणी पडते, असंही म्हणतात. पडते, इनस्क्रिप्टवर मराठी लिहितानाही ती चालते, कारण ग्नोमने तो शॉर्टकट अक्षराशी नव्हे, कळेच्या जागेशी बांधला आहे. पण सवयीने बोटं तयार होतात, आधी ॲप्लिकेशन आठवण्याचा भार तसाच राहतो. असे बदल अपडेटनंतर मोडतात, ही तक्रार एक्स्टेन्शनबाबत रास्त आहे. 2023 मध्ये ग्नोम 45 आलं, तेव्हा जुनी एक्स्टेन्शन नव्याने लिहिल्याशिवाय चालेनात. म्हणूनच माझा भर अंगच्या सेटिंगवर आहे.

ज्याचं प्रत्येक ॲप्लिकेशन एकाच विंडोत उघडं असतं, त्याला मूळ ठेवण पुरेशी आहे. बाकीच्यांनी हा एक शॉर्टकट बदलून आठवडाभर काम करून पाहावं. नाही पटलं तर शॉर्टकटच्या त्याच ओळीत मूळ ठेवण परत आणण्याचं बटण आहे.